न झिजणारे सुटे भाग

बंगळूर शहराच्या पूर्वेस कृष्णराजपुरम नावाचे उपनगर आहे. बसच्या पाट्यांवर आणि लोकांच्या बोलण्यात ते के. आर. पुरम या संक्षिप्त नावानेच ओळखले जाते. चेन्नईहून येणारा लोहमार्ग येथूनच शहरात शिरतो. त्या मार्गावरून जाणारा, जाड तारांनी तोलून धरलेला पूल २००३ सालापासून या भागाची खूण होऊन बसला आहे. २०२३ साली मेट्रो रेल्वेही येथे येऊन पोहोचली. सकाळच्या वेळी या स्थानकावर तरुणांची जी गर्दी लोटते, तिच्यातील पुष्कळजण व्हाइटफील्डच्या किंवा बाहेरील वर्तुळमार्गावरील कचेऱ्यांकडे जात असतात. आणि मोबाइल फोनवर चालणारी ॲप तयार करणे हा त्यांच्यापैकी अनेकांचा उद्योग असतो.

तथापि या उपनगराचा टेलिफोनशी आलेला संबंध याहून बराच जुना आहे. के. आर. पुरमला लागून दूरवाणीनगर नावाची वसाहत आहे. कन्नड भाषेत दूरवाणी म्हणजे टेलिफोन. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना १९४८ साली स्थापन झाला आणि या वसाहतीस त्याच्यामुळेच हे नाव मिळाले. देशातील असंख्य टेलिफोन केंद्रांची यंत्रसामग्री येथे तयार झाली. आरंभीच्या काळात ही केंद्रे स्ट्राउजर पद्धतीची असत. त्यांत सिलेक्टर नावाची यंत्रे फळ्यांवर रांगेने मांडलेली असावयाची. ग्राहकाने तबकडी फिरवून अंक लावला की सिलेक्टरचा दांडा तितक्या पायऱ्या वर चढे आणि मग आडवा फिरून पुढची मोकळी तार शोधी. एखादा सिलेक्टर नादुरुस्त झाला तर तो मांडणीतून ओढून काढावयाचा, दुसरा त्याच जागी बसवावयाचा आणि काढलेला दुरुस्तीच्या टेबलावर न्यावयाचा, अशी रीत होती. त्यासाठी सबंध केंद्र बंद ठेवण्याचे कारण पडत नसे.

ही सोय वाटते तितकी साधी नाही. एकाच्या जागी दुसरा भाग बिनतक्रार बसावयाचा, तर दोहोंची मापे ठरलेल्या मर्यादेत सारखी असली पाहिजेत, आणि कोणता भाग कोणत्या मांडणीत चालतो याची नोंद पक्की असली पाहिजे. पुढे यंत्रांचे स्वरूप पालटले, पण ही अट पालटली नाही. १९८६ साली बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सी-डॉट या संस्थेने रचलेले लहानसे अंकीय टेलिफोन केंद्र बसवण्यात आले. वातानुकूलन नसलेल्या खोलीतही चालावे अशी त्याची रचना होती. त्यात फिरणारे दांडे नव्हते. विद्युत्-मंडलांची कार्डे चौकटीत सरकवून बसवावयाची होती. कार्ड बिघडले तर कार्ड बदलावे, हाच जुना न्याय तेथेही लागू होता.

आता ज्या सुट्या भागांविषयी येथे लिहावयाचे आहे, ते हातात धरता येत नाहीत. ते सॉफ्टवेअरचे भाग होत. सिलेक्टरची कमान झिजते, कार्डावरील सांधा सुटतो. परंतु सॉफ्टवेअरचा भाग दहा वर्षे डिस्कवर पडून राहिला तरी त्यातील एक अक्षरही बदलत नाही. असे असूनही तो जुना होतो, आणि एके दिवशी चालेनासा होतो. हे कसे घडते, आणि अशा भागांची देखभाल म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने पाहणे सोयीचे होईल.

समजा, के. आर. पुरम येथे तिघे तरुण एका खोलीत राहतात. त्यांपैकी एकजण लातूर जिल्ह्यातील आहे. त्याच्या गावी ड वर्गाचे एक लहान सार्वजनिक ग्रंथालय आहे आणि तेथे तो शाळेत असताना रोज संध्याकाळी जात असे. ग्रंथालयातील पुस्तकांची यादी, कोणते पुस्तक कोणाकडे गेले आणि केव्हा परत येणार, एवढे दाखवणारे मराठी ॲप त्या ग्रंथालयासाठी करून द्यावे, असे त्याच्या मनात आले. नोकरीच्या वेळेनंतर, खोलीत, आपल्या फोनच्या इंटरनेटवर हे काम करावयाचे होते. ग्रंथालयाकडे संगणक नाही. ग्रंथपालबाईंचा स्वतःचा फोन आहे. तो २०१४ सालचा असून त्यावर अँड्रॉइडची ४.४ ही आवृत्ती आहे.

साधनसंचात काय असते

ॲप तयार करण्यासाठी लागणाऱ्या हत्यारांच्या समूहास सॉफ्टवेअर-विकासाचा साधनसंच किंवा थोडक्यात एसडीके म्हणतात. अँड्रॉइड प्रणालीची घोषणा नोव्हेंबर २००७ मध्ये झाली आणि त्याच महिन्याच्या १२ तारखेस तिच्या साधनसंचाची पहिली चाचणी-आवृत्ती बाहेर पडली. त्या वेळी हा संच म्हणजे एकच गाठोडे होते. प्रणालीची नवी आवृत्ती निघाली की सबंध गाठोडे पुन्हा उतरवून घ्यावे लागे, आणि जुन्या आवृत्तीसाठी काम करावयाचे तर जुने गाठोडेही जपून ठेवावे लागे. ऑक्टोबर २००९ मध्ये अँड्रॉइड २.० बरोबर ही पद्धत बदलली. संच निरनिराळ्या घटकांत विभागला गेला, प्रत्येक घटकाला स्वतःचा आवृत्ती-क्रमांक मिळाला, आणि ते घटक आणणारे, बसवणारे व अद्ययावत करणारे एक व्यवस्थापक-साधन संचाबरोबर देण्यात येऊ लागले. आज त्यास एसडीके मॅनेजर म्हणतात. दूरवाणीनगरच्या जुन्या कारागिराला या बदलाचे मर्म चटकन कळले असते.

या घटकांपैकी सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत चुकीचा समजला जाणारा घटक म्हणजे प्लॅटफॉर्म. अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीस एक पूर्णांक दिलेला असतो. त्यास एपीआय पातळी म्हणतात. अँड्रॉइड ४.४ ची पातळी १९, ५.० ची २१, १४ ची ३४ आणि १५ ची ३५ आहे. ज्या पातळीसाठी ॲप बांधावयाचे, त्या पातळीचा प्लॅटफॉर्म संचात बसवावा लागतो. नवख्या माणसास वाटते की या घटकात अँड्रॉइड प्रणालीच भरलेली असावी. वस्तुतः तसे नाही. खानावळीच्या भिंतीवर पदार्थांची पाटी लावलेली असते. पाटीवर नावे असतात, अन्न नसते. प्लॅटफॉर्म हा घटक अशा पाटीसारखा आहे. फोनची प्रणाली कोणकोणती कामे करून देते, त्या कामांची नावे काय, प्रत्येकास कोणती माहिती पुरवावी लागते, एवढेच त्यात लिहिलेले असते. नावापुढील कृतीची जागा रिकामी असते. ती कृती चालवू पाहिली तर केवळ चुकीचा संदेश मिळतो. स्वयंपाकघर फोनमध्ये असते. म्हणूनच प्लॅटफॉर्मचा आकार साठ मेगाबाइटच्या आसपास भागतो.

या उपमेवरून पुढची अडचणही ध्यानात येईल. नव्या पाटीवर चाळीस पदार्थ आहेत आणि जुन्या फोनच्या स्वयंपाकघरात त्यांपैकी तीसच होतात. ॲपने एकतिसाव्या पदार्थाची मागणी केली की जुन्या फोनवर ते कोसळते. म्हणून प्रत्येक ॲपमध्ये तीन वेगवेगळ्या पातळ्या नोंदवाव्या लागतात. बांधणी करताना कोणती पाटी वापरली, ही पहिली. किमान कोणत्या पातळीच्या फोनवर ॲप बसू द्यावे, ही दुसरी. आणि कोणत्या पातळीची वर्तणूक गृहीत धरून ॲप लिहिले व तपासले, ही तिसरी. पहिली पातळी उंच आणि दुसरी खालची असण्यात काहीच विरोध नाही. मात्र नव्या सोयींचा उपयोग करण्यापूर्वी फोनची पातळी विचारून घेण्याची दक्षता लेखकाने घेतली पाहिजे.

दुसरा घटक बिल्ड-टूल्स, म्हणजे बांधणीची हत्यारे. लिहिलेली संहिता फोनला समजेल अशा स्वरूपात आणणे, चित्रे व मजकूर एकत्र बांधणे, आणि तयार झालेल्या गाठोड्यावर कर्त्याची अंकीय स्वाक्षरी करणे, ही कामे ती करतात. यांच्या अनेक आवृत्त्या एकाच संचात शेजारी शेजारी राहू शकतात. तिसरा घटक प्लॅटफॉर्म-टूल्स. आकाराने लहान, पण रोजच्या उपयोगाचा. संगणक आणि फोन यांना तारेने जोडून एकमेकांशी बोलावयास लावणारे एडीबी नावाचे साधन यातच असते. या घटकाची एकच, शक्य तितकी नवी आवृत्ती ठेवावी, कारण नवे एडीबी जुन्या फोनशीही बोलू शकते.

चौथ्या प्रकारात एम्युलेटर आणि प्रणालीच्या प्रतिमा मोडतात. एम्युलेटर म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील खोटा फोन. तो चालावयास एखाद्या पातळीची सबंध प्रणाली लागते आणि तिला सिस्टिम इमेज म्हणतात. येथे पाटी नसून खरेखुरे स्वयंपाकघर असल्यामुळे अलीकडच्या पातळ्यांची एकेक प्रतिमा एक गिगाबाइटहूनही मोठी भरते. आपल्या तरुणाने आरंभी फक्त पातळी ३४ ची प्रतिमा घेतली. दिवसाचा इंटरनेटचा वाटा तेवढ्यातच संपत आल्यामुळे आणखी प्रतिमांचा विचार त्याने केला नाही, आणि पुढचा घोळ तेथून सुरू झाला. पाचवा घटक एनडीके. ॲपचा काही भाग सी किंवा सी++ या भाषांत लिहिला असेल तरच तो लागतो. पुस्तकांच्या यादीत जलद शोध घेणारा भाग या तरुणाने सी भाषेत लिहिला होता.

मॅनेजर काय करतो

एसडीके मॅनेजर सर्वप्रथम गुगलच्या सर्व्हरवरील एक सूची वाचतो. तीत प्रत्येक घटकाचे नाव, आवृत्ती, आकार, मिळण्याचा पत्ता, तो कोणत्या संगणक-प्रणालीसाठी आहे आणि त्यासाठी आधी दुसरा कोणता घटक असावा लागतो, एवढी माहिती असते. मॅनेजर ती सूची डिस्कवरील घटकांशी ताडून पाहतो व काय नवे आले आहे ते सांगतो. सूचीतील घटकांच्या चार ओळी असतात: स्थिर, बीटा, डेव्ह आणि कॅनरी. शेवटचे नाव कॅनरी पक्ष्यावरून आले आहे. कोळशाच्या खाणीत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून पूर्वी हे पक्षी बरोबर नेत असत. त्या ओळीतील घटक वापरणाराने आपण त्या पक्ष्याच्या जागी आहोत हे ओळखून असावे.

सूचीत आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे प्रत्येक गाठोड्याची तपासखूण. गाठोड्यातील सर्व बिट एका ठरावीक गणिती प्रक्रियेतून नेले की ठरावीक लांबीची एक संख्या मिळते. दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या शा-१ या पद्धतीत ती १६० बिटांची, म्हणजे षोडशमान पद्धतीने लिहिल्यास ४० चिन्हांची असते. गाठोड्यातला एक बिट जरी उलटा झाला तरी ती संख्या पार बदलून जाते. मॅनेजर उतरवलेल्या गाठोड्याची तपासखूण स्वतः काढतो आणि सूचीतील खुणेशी ताडतो. दोन्ही जुळल्या नाहीत तर तो ते गाठोडे बसवीत नाही. इंटरनेट मध्येच तुटून अर्धवट उतरलेला घटक अशा रीतीने दाराशीच अडवला जातो. गेजने मापून नापास झालेला भाग कारखान्यातून बाहेर पडू नये, त्यासारखेच हे आहे.

परवान्याची गोष्टही येथेच सांगितली पाहिजे. प्रत्येक घटकाबरोबर एक करारनामा असतो आणि तो वाचून मान्य केल्याशिवाय घटक बसत नाही. मान्यता दिली की त्या करारनाम्याच्या मजकुराची तपासखूण संचातील परवान्यांच्या कप्प्यात लिहून ठेवली जाते. पुढे करारनाम्यात बदल झाला तर खूण जुळत नाही, आणि परवाना मान्य नाही असे सांगून बांधणी थांबते. नवशिक्यांना हा संदेश यंत्राचा बिघाड वाटतो. तो बिघाड नसून सही राहिल्याची आठवण असते. बहुतेकजण तो मजकूर न वाचताच होकार देतात. निदान एकदा तरी तो वाचावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

शिडीचीच पायरी मोडली तर

घटक न झिजताही कसा निकामी होतो, याचे एक नमुनेदार उदाहरण खुद्द मॅनेजरनेच घालून दिले आहे. मॅनेजर जावा भाषेत लिहिलेला असून तो चालण्यासाठी संगणकावर जावा लागते. त्याच्या जुन्या आवृत्ती एक्सएमएल स्वरूपातील सूची वाचण्यासाठी जावाबरोबर मिळणाऱ्या एका उपविभागावर विसंबून होत्या. २०१७ साली जावा ९ मध्ये तो उपविभाग बाजूस ठेवण्यात आला आणि २०१८ साली जावा ११ मधून तो काढूनच टाकला गेला. परिणाम असा झाला की ज्यांनी संगणकावरील जावा नवी केली, त्यांचा जुना मॅनेजर सुरू होताच कोसळू लागला. मॅनेजरमध्ये एका अक्षराचाही फरक झाला नव्हता. पायाखालची जमीन तेवढी सरकली होती.

यातली खरी पंचाईत वाचकांच्या ध्यानात आली असेलच. मॅनेजरची नवी आवृत्ती आणणे हेही मॅनेजरचेच काम. आणि तोच उठत नाही. अशा वेळी कमांड-लाइन टूल्स हा घटक हाताने उतरवून, योग्य त्या कप्प्यात नेऊन ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. गंमत अशी की आज अडचण उलट बाजूने येते. मॅनेजरच्या अलीकडच्या आवृत्त्यांना जावा १७ लागते, आणि जुन्या संगणकावर जुनी जावा असेल तर नवा मॅनेजर चालत नाही. म्हणून संच बसवताना सर्वांत आधी जावाची आवृत्ती पाहावी. हे काम दोन मिनिटांचे आहे, आणि ते न केल्यामुळे सबंध रविवार वाया गेल्याची उदाहरणे के. आर. पुरमच्या कोणत्याही वसतिगृहात ऐकावयास मिळतील.

दिवाळीच्या सुट्टीत

आपला तरुण सुट्टीत गावी गेला तेव्हा लॅपटॉप बरोबर घेऊन गेला. ग्रंथालयात बसून त्याने बाईंचा फोन तारेने जोडला. एडीबीने अकरा वर्षे जुन्या फोनला ओळखले आणि ॲप त्यावर चढवले. पुस्तकांची नावे पडद्यावर आली. जोडाक्षरे जशी हवीत तशी उमटली. परंतु ग्रंथपालबाई चष्मा सावरून म्हणाल्या, "अरे बाळा, पुस्तकं मराठीत आहेत, पण ही बटणं तर सगळी इंग्रजीत आहेत. 'परत आले' कुठे दाबायचं?"

के. आर. पुरमच्या खोलीत, पातळी ३४ च्या खोट्या फोनवर, हीच बटणे स्वच्छ मराठीत दिसत होती.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ॲपमधील बटणांचा मजकूर संहितेपासून वेगळा, भाषावार कप्प्यांत ठेवलेला असतो. फोनची भाषा जी असेल तिचा कप्पा प्रणाली निवडते, आणि तसा कप्पा नसेल तर मूळ कप्पा उघडते. प्रचलित पद्धतीनुसार या तरुणाने मूळ कप्प्यात इंग्रजी आणि वेगळ्या कप्प्यात मराठी मजकूर ठेवला होता. मूळ अँड्रॉइड प्रणालीच्या भाषांमध्ये मराठीचा समावेश २०१४ साली ५.० या आवृत्तीत झाला. कानडी, तमिळ, तेलुगू, बंगाली आणि मल्याळम या भाषाही तेव्हाच आल्या. बाईंचा फोन ४.४ चा. त्यावर देवनागरी अक्षरे उमटत होती, परंतु भाषांच्या यादीत मराठी नव्हती, आणि फोन इंग्रजीवर लावलेला होता. प्रणालीने नियमाप्रमाणे मूळ कप्पा उघडला. याहूनही मागे, २०१० सालच्या सुमाराच्या मूळ अँड्रॉइडवर गेलो तर देवनागरीचा टंकच नव्हता आणि मराठी मजकुराच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग दिसे.

बंगळूरला परतल्यावर त्याने पातळी १९ ची सिस्टिम इमेज उतरवून घेतली. जुन्या प्रतिमा आजच्या मानाने फारच लहान असतात. खर्चाचा प्रश्न आला नाही. खोट्या फोनवर तीच चूक जशीच्या तशी दिसली. उपाय एका ओळीचा होता: ज्या ॲपचे सर्व वाचक मराठी आहेत, त्याचा मूळ कप्पाच मराठी असावा. चूक शोधण्यास मात्र जुना घटक लागला. साधनसंच अद्ययावत ठेवा, असा उपदेश सर्वत्र ऐकू येतो आणि तो चुकीचाही नाही. पण केवळ नव्यात नवे घटक ठेवणाऱ्याला ग्रंथपालबाईंच्या फोनवर काय दिसते ते कधीच दिसणार नाही.

दुसरी अडचण अधिक चोरपावलांनी आली. मॅनेजरने एनडीकेची नवी आवृत्ती उपलब्ध असल्याचे सांगितले, म्हणून त्याने ती बसवली आणि ॲप पुन्हा बांधले. बांधणी यशस्वी झाली. पण जुन्या पातळीच्या खोट्या फोनवर शोधाचा भाग चालेना. एनडीकेच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर ती किती जुन्या फोनांसाठी काम करते याची मर्यादाही जाहीर होत असते. २०२२ सालच्या आर-२४ आवृत्तीने पातळी १६ ते १८ यांचा निरोप घेतला. २०२३ सालच्या आर-२६ आवृत्तीने १९ व २० या पातळ्या वगळल्या आणि किमान मर्यादा २१ वर नेली. ॲपमध्ये १९ लिहिलेले असले तरी अशी बांधणी अडत नाही. ती १९ च्या जागी २१ धरून पुढे जाते आणि तशी सूचना शेकडो ओळींच्या ओघात एका ओळीत देऊन मोकळी होते. ती ओळ कोण वाचतो?

सुदैवाने एनडीकेच्या आवृत्त्याही एकमेकींशेजारी राहू शकतात. त्याने आर-२५ परत बसवली आणि बांधणीच्या नोंदीत तिचा पूर्ण क्रमांक लिहून ठेवला. असा क्रमांक स्पष्ट लिहिलेला नसेल तर बांधणीची व्यवस्था आपल्या पसंतीची आवृत्ती घेते, आणि ती पसंती व्यवस्थेच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर बदलू शकते. गुगलच्या तयार संहिता-संग्रहांनीही २०२३ पासून आपली किमान पातळी वर नेली असल्याने त्यांच्याही जुन्या आवृत्त्या त्याला नोंदवून ठेवाव्या लागल्या.

मग जुनेच सर्व जपून ठेवावे, नवे काही घेऊच नये, असे का करू नये? तेही चालत नाही. ॲप गुगलच्या प्ले स्टोअरवर ठेवावयाचे असेल तर तेथील नियमांप्रमाणे ते अलीकडच्या पातळीसाठी लिहिलेले असावे लागते. ही अट दरवर्षी सरकते. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲपना व नव्या आवृत्त्यांना पातळी ३५ ची अट लागू झाली. त्यासाठी ३५ चा प्लॅटफॉर्म आणि त्यास जुळणारी बांधणीची हत्यारे बसवावी लागतात. या सक्तीमागे कारणेही आहेत. नव्या पातळ्यांत ॲपला फोनमधील छायाचित्रे, संपर्क व ठावठिकाणा पाहण्यावर अधिक निर्बंध घातलेले असतात, आणि जुन्या पातळीचे सोंग घेऊन ते निर्बंध चुकवणे लबाड ॲपना सोपे जाई. याचप्रमाणे १ नोव्हेंबर २०२५ पासून, अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढील पातळीसाठी लिहिलेल्या ॲपमधील सी भाषेतील भाग १६ किलोबाइटच्या स्मृती-पानांवर चालणारे असावेत, असा दंडक आला. पूर्वी हे पान ४ किलोबाइटचे असे. एनडीकेची आर-२८ ही आवृत्ती ही जुळणी आपोआप करते. आर-२५ सारख्या जुन्या आवृत्तीस तशी सूचना वेगळी द्यावी लागते.

तेव्हा एकाच संचात ३५ ची पाटी आणि १९ ची प्रतिमा, सर्वांत नवे एडीबी आणि तीन वर्षे जुनी एनडीके, असा संसार त्या तरुणास मांडावा लागला. बाहेरून पाहणाऱ्यास तो विसंगत वाटेल. परंतु त्यातील प्रत्येक क्रमांकामागे एक कारण आहे. मॅनेजर स्थापित घटकांची यादी क्रमांकांसह देतो. ती यादी त्याने एका वहीत उतरवून ठेवली आहे आणि प्रत्येक ओळीपुढे हा घटक का ठेवला, किंवा का नवा केला नाही, हे मराठीत लिहिले आहे. आर-२५ च्या पुढे "बाईंचा फोन बदलेपर्यंत" एवढेच आहे.

नवा संच त्याने दर महिन्यास तपासावयाचा असे ठरवले आहे, तेही गावी जावयाच्या आधल्या रात्री नव्हे. प्रथम ॲपची चालती प्रत बाजूस ठेवावयाची, मग एका वेळी एकच घटक नवा करावयाचा, बांधणी करावयाची, आणि ३५ व १९ अशा दोन्ही खोट्या फोनांवर पुस्तक देऊन व परत घेऊन पाहावयाचे. सूचनांच्या ओघातली पिवळी ओळही आता तो वाचतो. पुढच्या खेपेस गावी गेला तेव्हा ग्रंथपालबाईंनी "परत आले" हे बटण स्वतः दाबून दाखवले, आणि यादीतली पुस्तके वर्गवार लावता येतील का, असे विचारले.